दारी आलेली साक्ष

२०१८ च्या सप्टेंबरात मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला आतेभावाकडे गेलो होतो. निमित्ते दोन होती. एक म्हणजे आत्याला भेटणे. ती तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि मांडीचे हाड मोडल्यामुळे चार महिने अंथरुणाला खिळलेली होती. दुसरे निमित्त सांगताना आजही थोडे अवघडल्यासारखे होते. तिच्याकडून एका कुलमुखत्यारपत्रावर सही घ्यायची होती.

वाईला आमचे जुने घर आहे. आजोबांच्या पश्चात त्यात तिचाही हिस्सा. शेजाऱ्याशी हद्दीचा दावा चालू, मागच्या भिंतीबद्दल नगरपालिकेच्या नोटिसा, आणि प्रत्येक अर्जावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. पुण्याच्या वकिलांनी मसुदा करून दिला होता: नऊ पाने, इंग्रजीत, मुखत्यार म्हणून माझे नाव. सही झाली की भारतीय वकिलातीत साक्षांकन करून घ्यायचे, असा साधा बेत होता. पण वकिलात सॅन फ्रान्सिस्कोला, आणि आत्याला खुर्चीत बसवायलाही दोन माणसे लागत.

आतेभाऊ म्हणाला, "दादा, तू काळजी करू नको. इथे नोटरी घरी येतो. प्लंबरला फोन करतो तसा फोन करायचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. हातात चामडी बॅग, त्यात जाड नोंदवही, शिक्का, ठशाची शाई. आत्याच्या पलंगाशी खुर्ची ओढून त्यांनी तिला इंग्रजीत काहीतरी विचारले. आत्याने मुलाकडे पाहिले. तो मराठीत सांगू लागला, तसे गृहस्थांनी वही मिटली. या राज्यात सही करणाऱ्याशी नोटरीला स्वतः बोलता आले पाहिजे, मधे दुभाषी चालत नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. या आजींची भाषा येणारा नोटरी शोधा, म्हणाले. ठरलेला येण्याजाण्याचा खर्च तेवढा घेतला आणि गेले.

मला राग आला. एवढ्याशा सहीसाठी एवढे सोवळे! आमच्याकडे एका कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणाऱ्याकडे मी स्वतः घरूनच सही करून आणलेले दुसऱ्याचे कागद दिले आहेत आणि पाच मिनिटांत शिक्का घेऊन परतलो आहे. सही करणारा कुठे आहे, असे कोणी विचारले नव्हते. तेव्हा मला ती सोय वाटली होती.

त्या रात्री झोप आली नाही, आणि रागाच्या जागी एक प्रश्न येऊन बसला. निम्मे आयुष्य मी मोडी कागद वाचण्यात घालवले आहे. शेकडो खतांच्या तळाशी साक्षीदारांची नावे पाहिली आहेत. पण साक्ष म्हणजे नेमके काय पाहणे, आणि त्यासाठी कोणी कोणाकडे जायचे, याचा विचार कधी केला नव्हता. परतल्यावर तो केला. हा लेख त्याचा आहे.

गोतात केलेला कागद

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. विष्णुस्मृतीत लेख्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: राजसाक्षिक, ससाक्षिक आणि असाक्षिक. राजाच्या अधिकरणात, त्याने नेमलेल्या लेखकाने लिहिलेला आणि तिथल्या मुख्याच्या हातची खूण असलेला तो राजसाक्षिक. कुठेही, कोणीही लिहिलेला पण साक्षीदारांच्या खुणा असलेला तो ससाक्षिक. स्वतःच्या हाताने लिहिलेला तो असाक्षिक. पुढे लगेच एक अट येते. बळजबरीने करवून घेतलेला कागद प्रमाण नाही. म्हणजे सही कोणाची, एवढ्यावर प्रश्न संपत नव्हता. ती कशी झाली, हेही त्यात होते.

मराठी कागदपत्रांत यातला दुसरा प्रकार बहरला. वतनाचा तंटा असो की जमिनीची खरेदी, महत्त्वाचा निवाडा गोतसभेत होई आणि त्याचा महजर तयार होई. गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार जमत. ज्याला लिहिता येई तो आपल्या हाताने लिही. 'बिकलम' म्हणजे अमक्याच्या लेखणीने. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढी. पाटलाची 'निशाणी नांगर' तर प्रसिद्धच आहे. सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा खुणा दिसतात. बाईमाणसाची खूण बांगडी. एक लहानसे वर्तुळ, बाजूला नाव. मोडी शिकत असताना पहिल्यांदा ते वर्तुळ पाहिले तेव्हा मला ते शून्य वाटले होते.

या कागदांत ओळख पटवणारा एकही पुरावा जोडलेला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. जमलेला प्रत्येक जण दुसऱ्याला त्याच्या आज्यापणज्यापासून ओळखत होता. गावाच्या शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव पायाखालची. साक्ष म्हणजे आधीपासून असलेली माहिती, आणि साक्षीदार कुठून येत नसे. तो तिथेच असे.

याचे गोडवे गावेत असा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. जो सगळ्यांना ओळखतो तो सगळ्यांचा मिंधाही असतो. पाटलासमोर पाटलाविरुद्ध खूण काढणे किती जणांना शक्य होते? कागद लिहिणारा कुलकर्णी, वाचणारा कुलकर्णी. नांगर किंवा बांगडी काढणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते त्याच्या तोंडूनच कळायचे. गोताचा कागद टिकला तो गोताच्या भरवशावर, आणि तो भरवसा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नसे.

सुप्याचा बाजार

इंग्रजी अंमलात ही गोतसभा विरून गेली. तिच्या जागी मुद्रांकाचा कागद आणि दिवाणी न्यायालय आले. न्यायालयाला गाव माहीत नव्हते, फक्त कागद दिसत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराच्या ओट्यावर बसणारे, आणि खाली नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला आकडा कळलेलाच असेल असे नाही. पुढे समन्स येई, कुणबी तालुक्याला जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, हा राग फुटला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत जमाव सावकारांच्या दारी गेले. शाळेच्या पुस्तकात आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून वाचतो. पण या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाला प्रामुख्याने कागद हवे होते. रोखे, खते, वह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. माणसांना झालेली इजा त्या मानाने कमी. ज्या कागदावर आपली खूण आहे पण ज्यात आपला शब्द नाही, तो कागद जाळावा, एवढी स्पष्ट समज त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठीचा. त्याच्या व्याजाविषयीच्या कलमांची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझे लक्ष त्यातल्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या प्रकरणाकडे गेले, ते ग्रामनिबंधकांचे. शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा किंवा गहाणाचा कागद ग्रामनिबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर तो पुराव्यात घ्यायचा नाही. निबंधकाने आधी माणसांची ओळख पटवून घ्यायची, कागद लिहायचा, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, मग आपल्यासमोर सह्या घ्यायच्या. करून देणाऱ्याला वाचता येत नसेल तर आणखी दोन भल्या माणसांची साक्ष.

'मोठ्याने वाचून दाखवायचा' या शब्दांपाशी मी थांबलो. सगळ्या कायद्याचा जीव मला तिथे दिसतो. साक्षीदाराने फक्त हात पाहायचा नाही. हाताच्या मागे कान आहेत, आणि त्या कानांवर मजकूर पडला आहे, हे पाहायचे.

या कायद्याच्या अंमलबजावणीशी न्यायमूर्ती रानड्यांचा जवळून संबंध होता. १८८१ पासून ते विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक होते, पुढे १८८७ मध्ये स्वतः विशेष न्यायाधीश झाले. कनिष्ठ न्यायालयांचे काम जागेवर जाऊन तपासायचे, म्हणजे सतत फिरती. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे दिवस येतात. न्यायालयाने माणसाकडे जायचे, ही कल्पना त्या काळी निदान सरकारी कागदावर मान्य झाली होती. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली, तो भाग निराळा. ग्रामनिबंधकाला ती अडवता आली नाही. कागद वाचून दाखवता येतो. गरज वाचून दाखवता येत नाही.

तुरुंग, आजार आणि पडदा

कचेरीने माणसाकडे जाण्याची तरतूद आपल्या नोंदणी कायद्यात आजही आहे. १९०८ च्या कायद्यानुसार एरवी दस्त करून देणाऱ्याने निबंधकाच्या कचेरीत हजर व्हायचे असते. पण खास कारण असेल तर निबंधकाला त्याच्या घरी जाता येते. हजेरीतून सूट मिळणारे तीन प्रकारचे लोक कायद्याने सांगितले आहेत: जिवाला धोका किंवा मोठा त्रास झाल्याशिवाय येऊ न शकणारे आजारी, तुरुंगात असलेले, आणि ज्यांना कायद्याने न्यायालयातल्या हजेरीतून मुक्त केले आहे ते. या तिसऱ्या प्रकारात, दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, रूढीनुसार चारचौघांत न येणाऱ्या स्त्रियाही येतात. अशांकडे निबंधकाने स्वतः जावे किंवा कमिशन पाठवावे. आजारी, कैदी आणि पडद्यातली बाई. ज्यांच्यावर दुसऱ्याची सत्ता चालण्याची भीती सर्वांत जास्त, नेमके तेच घरी सही करणार. म्हणून तिथे जाणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना प्रश्न विचारून खात्री करून घ्यायची असते.

नोटरीची गोष्ट थोडी वेगळी. हा मूळचा रोमन लॅटिन परंपरेतला लेखनिक. इंग्लंडात त्याची नेमणूक पोपच्या अधिकाराने होई. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ च्या कायद्याने, तो अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला आणि त्यांच्या फॅकल्टी ऑफिसमार्फत आजही तिथले नोटरी नेमले जातात. भारतातले नोटरीही दीर्घकाळ तिथल्याच मास्टर ऑफ फॅकल्टीजकडून नेमले जात. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने सरकारला नोटरी नेमता येत, पण ते हुंडी, वचनचिठ्ठी अशा व्यवहारांपुरते. स्वतंत्र भारताने १९५२ साली आपला नोटरी कायदा केला आणि तो १९५६ मध्ये अमलात आला. आपल्याकडे नोटरी व्हायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. फीबरोबर प्रवासभत्ता घेण्याची तरतूदही नोटरी नियमांत आहे. म्हणजे आपलाही नोटरी घरी जाऊ शकतो. बहुतेकांना ते माहीत नसते, कारण कागदच त्याच्याकडे जातो.

आणि अंगठा? त्याची कथा बंगालची. जुलै १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा पूर्ण पंजा शाईत बुडवून कागदावर उठवून घेतला. सही पुढे नाकारली जाऊ नये म्हणून, थोडासा धाकापोटीच. त्यातून त्याला बोटांच्या ठशांचा नाद लागला. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणीसाठी ठसे घ्यायला सुरुवात केली. नांगर आणि बांगडी मागे पडली. 'डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी' आली. नांगर काढणारा आपण कोण आहोत ते सांगत होता. अंगठा तेवढेही सांगत नाही. तो फक्त दुसऱ्या कोणाचा नाही एवढेच सिद्ध करतो.

स्वयंपाकघरातले टेबल

अमेरिकेने नोटरीला वकिलीपासून आणि प्रतिष्ठेपासून बरेचसे मोकळे केले. तिथे शिंपी, शिक्षिका, बँकेतला कारकून, दुकानदार कोणीही नोटरी होऊ शकतो. कॅलिफोर्नियात सहा तासांचे शिक्षण, लेखी परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि पंधरा हजार डॉलरचा जामीनरोखा एवढे पुरते. नेमणूक चार वर्षांची. खेड्यापाड्यांतून पसरलेल्या त्या देशाला असा साक्षीदार हाताशी हवा होता.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण व्हरमॉंटमधल्या प्लिमथ नॉच या खेड्यातले. २ ऑगस्ट १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले. उपाध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज तेव्हा वडिलांच्या घरी होते. घरात टेलिफोन नव्हता. बातमी मध्यरात्री पोचली. वडील जॉन कूलिज हे गावचे नोटरी. पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, त्यांनी मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली. राज्याच्या नोटरीला असा अधिकार आहे का, ही शंका मागाहून निघाली, आणि वॉशिंग्टनला गेल्यावर एका न्यायाधीशासमोर शपथ गुपचूप पुन्हा घेण्यात आली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो दिवाच.

घरोघर जाणारा, बॅगवाला नोटरी हा मात्र बाजाराने घडवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि २००० नंतर व्याजदर उतरले तशी घरकर्जे फेडून नवी घेण्याची लाट आली. प्रत्येक कर्जाला शंभरेक पाने आणि अनेक सह्या. कर्जदार दिवसभर कामावर. मग संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाने उलटत सह्या घेणारे नोटरी तयार झाले. नोटरीची फी कायद्याने बांधलेली. कॅलिफोर्नियात सध्या एका सहीच्या कबुलीला पंधरा डॉलर. प्रवासाचा खर्च मात्र आपसात आधी ठरवायचा. कमाई या दुसऱ्या आकड्यात.

या नोटरीने कर्जाच्या अटी समजावून सांगायच्या नसतात. वकील नसलेल्याने कायद्याचा सल्ला देणे हा तिथे गुन्हा आहे. त्यामुळे टेबलापाशी एक विचित्र परिस्थिती होई. कागद माहीत असलेला माणूस बोलू शकत नाही, आणि ज्याला बोलायचे आहे त्याला कागद कळत नाही. २००८ च्या सुमारास ही कर्जे कोसळली, लाखो घरांवर जप्त्या आल्या. २०१० साली उघडकीला आले की जप्तीसाठी न्यायालयात दिलेली शपथपत्रे कर्जवसुली करणाऱ्या कंपन्यांतले नोकर दिवसाला शेकड्यांनी, न वाचता सही करत होते आणि त्यांवर नोटरीचे शिक्के सही करणारा समोर नसताना पडत होते. त्याच सुमारास एका राज्यातले नोटरीकाम दुसऱ्या राज्यांनी विनाअट मानावे असा ठराव अमेरिकी संसदेत मंजूर झाला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही करायला नकार दिला. २०१२ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी ४९ राज्यांशी सुमारे पंचवीस अब्ज डॉलरची तडजोड केली.

सुपे आणि हे यांची सरसकट तुलना करू नये. काळ, देश, कायदा सगळे वेगळे. पण दोन्हीकडे कर्ज होते, कागद होता, आणि साक्षीदाराची जागा रिकामी असूनही त्याची खूण मात्र कागदावर होती.

कॅलिफोर्नियाचे नियम या पार्श्वभूमीवर वाचले की त्या गृहस्थांचे सोवळे कळू लागते. १ जानेवारी २००८ पासून तिथे 'मी यांना ओळखतो' एवढे म्हणून नोटरीला काम करता येत नाही. सख्खा शेजारी असला तरी ओळखपत्र पाहायचे, किंवा ओळखपत्र दाखवणारे विश्वासू साक्षीदार घ्यायचे. गोतसभेचा पायाच तिथे कायद्याने काढून घेतला आहे. जमिनीचा दस्त किंवा मुखत्यारपत्र असेल तर नोंदवहीत उजव्या अंगठ्याचा ठसा. आणि २०१५ पासून प्रमाणपत्राच्या वर चौकटीत छापावे लागते की नोटरीने फक्त माणसाची ओळख तपासली आहे, मजकुराच्या सत्यतेशी त्याचा संबंध नाही. एवढे सगळे आखडून घेतल्यावर साक्षीत उरते काय? उरते ती समोरासमोर भेट, आणि दोघांना समजेल अशी भाषा. म्हणूनच दुभाषी चालत नाही.

आजी, तुम्ही मला सांगा

आठवड्याने मराठी येणारी नोटरी मिळाली. दादरला वाढलेल्या, गुजराती घरच्या बाई. चपला दाराशी काढून आत आल्या. आत्याचा पासपोर्ट पाहिला, वहीत नोंद सुरू केली आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?"

मी मुखत्यार. माझ्याच नावाचा कागद. बाहेर जाताना कान तापले होते. दार लोटलेले होते, तरी बोलणे ऐकू येत होते.

"आजी, हा कागद कशाचा आहे, तुम्ही मला सांगा."

"घराचा. कोर्टकचेरीचा. भाच्याच्या नावानं आहे."

"वाचलाय तुम्ही?"

"मला कुठलं इंग्रजी येतंय, पोरी. ते म्हणाले तसंच असेल."

थोडा वेळ शांतता. मग बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मजकूर समजावून सांगायचा मला अधिकार नाही. पण त्यांना पूर्ण वाचून दाखवा. सगळा. मग मला बोलवा." त्यांनीही प्रवासखर्चच घेतला.

त्या रात्री मी आत्याच्या उशाशी बसून ती नऊ पाने वाचली. एकेक कलम इंग्रजीतून मराठीत करत. पहिली चार पाने तिने हुंकार देत ऐकली. वकील नेमणे, अर्ज करणे, घरपट्टी भरणे, डागडुजी करणे. पाचव्या पानावर मी वाचले, 'सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, भाड्याने देणे आणि त्याबाबतचे दस्त नोंदवणे'. तिने हात वर केला.

"हे कुणी घातलं?"

मी म्हणालो, वकिलांचा नेहमीचा नमुना असतो, त्यात सगळंच असतं. ते खरेच होते. पण मसुदा मी पुण्यात वाचला होता. ते कलम मला दिसले होते, आणि 'असू दे, पुढे-मागे उपयोगी पडेल' असे मनात म्हणून मी पान उलटले होते. हे मी तिला त्या रात्री सांगितले नाही. इथे लिहितो आहे.

"विकायचं झालं तर विका," आत्या म्हणाली. "पण मला विचारून. मी आहे अजून."

वकिलांना फोन करून ते कलम काढले. मसुदा आठ पानांचा झाला. बाई तिसऱ्या वेळी, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या फेरीला आल्या, आम्हाला पुन्हा बाहेर बसवले. या वेळी आत्याने आतून एकेक कलम स्वतःच सांगायला सुरुवात केली आणि बाईंना तिला थांबवावे लागले. मग तिने देवनागरीत, कापऱ्या हाताने, पूर्ण नाव लिहिले. वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा दिला. बोटाची शाई पुसताना विचारले, "उजवा कसा गं? आमच्याकडे डावा घेतात." बाई हसल्या, म्हणाल्या, "इथला नियम, आजी."

पुढचे काम पायरीपायरीने झाले. कागद सॅक्रामेंटोला राज्याच्या सचिवांकडे जाऊन अपॉस्टिल लागले. १९६१ च्या हेग करारातली ही सोय भारताला २००५ च्या जुलैपासून मिळाली आहे. अपॉस्टिल फक्त नोटरीची सही आणि पद खरे आहे एवढे सांगते. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरला. वकिलांनी शिक्के, फीत, मोहोर सगळे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. आत्याला कोणी काय विचारले होते, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. लिहिण्याची तशी जागाच नाही.

व्हर्जिनियाने २०१२ पासून नोटरीला पडद्यावरून माणूस पाहायची मुभा दिली. २०२० च्या साथीनंतर तो मार्ग अनेक राज्यांनी धरला, आणि आपल्याकडेही आज ना उद्या येईल. आजारी माणसाला त्याने मोठा दिलासा मिळेल, हे मला मान्य आहे. पडद्यावर चेहरा दिसतो, ओळखपत्र दिसते, आवाजही ऐकू येतो. खोलीत आणखी कोण बसले आहे, ते दिसेलच असे नाही. मला त्या दिवशी खोलीबाहेर काढले गेले, ते पलंगाशी येऊन उभ्या राहिलेल्या बाईंनी.

आत्या २०२१ मध्ये गेली. हद्दीचा दावा त्याआधीच तडजोडीने मिटला. मागची भिंत बांधून झाली. घर विकायचे की नाही, यावर आम्ही हिस्सेदार अजून बोलतो आहोत, आणि आता सगळ्यांना विचारून. मुखत्यारपत्र तिच्याबरोबरच संपले. आठ पानांची ती प्रत माझ्या कपाटात मोडी कागदांच्या शेजारी आहे. खाली तिची सही, लांबलचक, ओळीबाहेर गेलेली. त्या सहीपाशी मला हल्ली ते लहान वर्तुळ आठवते, बांगडीचे. ते काढणाऱ्या किती जणींना कोणी खोलीत एकटीला बसवून विचारले असेल, की बाई, हा कागद कशाचा आहे, तू मला सांग.